भंडारा जिल्ह्यातील बिडी उद्योग : कामाची जागा, आरोग्य आणि कामगाराची उन्नती (१९३७ ते २०२५)

प्रस्तावना :
भंडारा जिल्हा हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून परिचित आहे. मात्र धानाच्या शेतीतून भूमिहीन कुटुंबाला वर्षभर काम मिळत नाही. ही उणीव विसाव्या शतकात ज्या व्यवसायांनी काही अंशी भरून काढली त्यांत बिडी उद्योग अग्रगण्य होय. जंगलातील तेंदूपत्ता, मुबलक स्वस्त मजूर आणि गोंदियाचा रेल्वेमार्ग या तीन गोष्टींमुळे हा उद्योग येथे रुजला. (गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.) या उद्योगात कामाची जागा निरोगी करण्याचे जे कायदेशीर प्रयत्न झाले, त्यांचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सट्टेदारी व कारखान्याचे स्वरूप :
बिडी तयार करण्यास यंत्र लागत नाही. कैची, सूप, पान, तंबाखू व दोरा एवढ्यावर काम चालते. कारखानदार कच्चा माल सट्टेदाराकडे देई व सट्टेदार तो मजुरांत वाटून हजारी दराने बिड्या गोळा करी. मालक आणि मजूर यांचा प्रत्यक्ष संबंध येत नसे. निकृष्ट ठरविलेल्या बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जात व त्यांची मजुरी बुडे. छाट किती काढायची हे मात्र माल घेणाराच ठरवी. तासन् तास मांडी घालून, मान वाकवून बसणे आणि तंबाखूची धूळ श्वासावाटे घेणे यामुळे खोकला, दमा, पाठदुखी व डोळ्यांचे विकार या कामाशी कायमचे जोडले गेले.

शेजारच्या कामठी येथे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांनी बिडी मजुरांची संघटना उभारली, सट्टेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिडी उत्पादनाचा प्रयोग केला आणि रात्रशाळाही चालविल्या. मजुरीच्या प्रश्नाबरोबर शिक्षणाचा प्रश्न हाती घेणारा हा विचार त्या काळाच्या पुढचा म्हणावा लागेल.

कायदा आणि पळवाट :
मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९३७ मध्ये अनियंत्रित कारखान्यांविषयीचा कायदा केला. बिडी, लाख व चामडे कमावणे हे उद्योग त्याच्या कक्षेत आले. परंतु तो ५० किंवा अधिक मजूर असलेल्या जागेसच लागू होता. त्यामुळे मोठी जागा मोडून लहान जागा करणे किंवा काम घरी देणे हा मार्ग कारखानदारांना मोकळा राहिला. बिडी उद्योगाच्या पुढील संपूर्ण इतिहासाचे बीज या एका तरतुदीत दिसते.

१९४८ मध्ये याच प्रांताने शेतीच्या हंगामात बिडी बनविण्यास मनाई करण्याचा अधिकार देणारा कायदा केला. शेतीला मजूर मिळावेत हा त्यामागील हेतू होता. सागर जिल्ह्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. वृद्ध, अपंग व शेतीकाम न झेपणाऱ्या स्त्रियाही यामुळे उपजीविकेस मुकतील, हा मुद्दा न्यायालयाने ग्राह्य धरला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशातच होता. मजुराला व्यवसाय निवडण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला खरा. परंतु धानाचा बांध आणि बिडीचे सूप यांपलीकडे निवडण्यासारखे त्याच्यासमोर फारसे काही नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा अधिक व्यापक होता. जागेचा परवाना, स्वच्छता, हवा-उजेड, पिण्याचे पाणी, शिशुगृह, भरपगारी रजा, प्रसूती लाभ, १४ वर्षांखालील बालकांस कामबंदी अशा तरतुदी त्यात होत्या. महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीवर ५ टक्क्यांची मर्यादा घातली. कारखानदारांनी या कायद्यास आव्हान दिले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. व्यवहारात मात्र कारखान्यातील काम झपाट्याने घराकडे वळले. जेथे शिशुगृह असावयाचे तेथे तंबाखूचे सूप आले आणि आईच्या मांडीवरील मूल तीच धूळ श्वासात घेऊ लागले. घरातील चूल, अंथरूण व कामाची जागा एकच झाली. निरीक्षकाने तपासावी अशी जागाच उरली नाही.

उन्नतीचा प्रश्न :
या व्यवसायात बढती नाही. बाराव्या वर्षी सूप हाती घेतलेली मुलगी साठाव्या वर्षीही हजारी दरानेच मजुरी घेते. अनुभवाने हात चालतो, पुढे वयाने तो मंदावतो आणि मिळकत उतरत जाते. म्हणून प्रगतीचा विचार पुढच्या पिढीच्या संदर्भातच करावा लागतो. १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने उपकरातून दवाखाने, घरकुल साहाय्य व मुलांना शिष्यवृत्ती यांची सोय झाली. १९७७ पासून भविष्य निर्वाह निधी लागू झाला आणि घरी काम करणारे कामगारही त्यास पात्र आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले. अर्थात लाभासाठी ओळखपत्र लागते व त्यासाठी आपण कोणाचे कामगार हे सिद्ध करावे लागते. सट्टेदारीत नेमके तेच अवघड असते.

दुसरीकडे, बिडी व्यवसायातून पुढे आलेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयांचे जाळे उभे राहिले. भंडाऱ्याचे जे. एम. पटेल महाविद्यालय याच संस्थेचे. ज्या उद्योगात मजुराला वर चढण्यास पायरी नव्हती, त्याच उद्योगाच्या पैशातून जिल्ह्यात उच्च शिक्षणाची दारे उघडली. या दोन्ही बाबी एकत्र ठेवूनच या इतिहासाचे मूल्यमापन व्हावयास हवे.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर बिडी उपकर रद्द झाला व कल्याण योजना अर्थसंकल्पीय तरतुदीवर विसंबून राहिल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत १९६६ चा कायदा विलीन झाला. राहत्या घरात स्वतःच्या कुटुंबासह बिड्या बनविणाऱ्या स्वयंरोजगारी व्यक्तीस बिडीविषयक तरतुदी लागू नाहीत, हा जुना अपवाद नव्या संहितेतही कायम आहे.