सीपॅपच्या कसोटीला कोण बसले?

स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाचा घसा झोपेत मिटतो आणि श्वास पुनःपुन्हा अडतो. १९८० पर्यंत तीव्र आजारावरचा खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडणे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवला. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी अवघ्या पाच रुग्णांचा वृत्तान्त दिला. हेच सीपॅप.

दिवसाची पेंग गेली. पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात टळतो काय? हे पाहणाऱ्या ‘सेव्ह’ चाचणीत भारतासह सात देशांतील, हृदयाचा वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेले २,७१७ रुग्ण सामील झाले. प्रवेशापूर्वी आठवडाभर त्यांना निष्प्रभ दाबाचे यंत्र दिले गेले. रात्री सरासरी तीन तास मुखवटा सोसणाऱ्यांनाच पुढे घेतले. दिवसा अतिशय झोप येणाऱ्यांना मात्र वगळले. त्यांची चिठ्ठी सीपॅपविना गटाची निघाली असती, तर वाहन चालवताना डुलकी लागण्याच्या धोक्यात त्यांना वर्षानुवर्षे ठेवावे लागले असते. हा निर्णय न्याय्यच होता, पण त्याने उत्तराची व्याप्ती आक्रसली.

२०१६ मध्ये निष्कर्ष आला: पेंग व मनःस्थिती सुधारली, पण झटके आणि पक्षाघात घटले नाहीत. यावरून सीपॅप निरुपयोगी ठरवणे घाईचे. यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले गेले होते, आणि सर्वाधिक पेंगणारे रुग्ण त्या आकड्यांत नव्हतेच.