डर्बिशरचे वाडे आणि पाहुणे

इंग्लंडमधील डर्बिशर परगण्यात उमरावांचे वाडे पाहायला जाण्याची प्रथा अठराव्या शतकात रुजली. मालक घरी नसला तरी घराची कारभारीण पाहुण्यांना दालने दाखवी आणि बक्षिसी घेई. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत असाच प्रसंग आहे. १८४९ मध्ये रेल्वे राउझली गावापर्यंत आली आणि जवळच्या चॅट्सवर्थ या वाड्याकडे सामान्य लोकही लोटू लागले. विसाव्या शतकात जबर वारसाकरामुळे असे वाडे सांभाळणे अवघड झाले. १५९० च्या दशकात बांधलेला हार्डविक हॉल कराच्या बदल्यात सरकारजमा होऊन १९५९ मध्ये वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला. चॅट्सवर्थची व्यवस्था १९८१ पासून स्वतंत्र धर्मादाय न्यास पाहतो. दोन्ही ठिकाणी आज तिकीट काढून प्रवेश मिळतो.