वैद्यकाच्या इंग्रजी शिक्षणाविषयीं दोन मतें व वऱ्हाडचा पुरावा

इंग्रजी अमदानींत ह्या देशांत जें वैद्यकशिक्षण सुरू झालें, त्याचा अर्थ लावण्यांत विद्वानांचे दोन तट पडलेले आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, अंधारांत चाचपडणाऱ्या देशास इंग्रजांनीं शारीरविद्येचा दीप दिला. क्रॉफर्ड ह्यांनीं इ. स. १९१४ त इंडियन मेडिकल सर्व्हिसचा जो इतिहास प्रसिद्ध केला, त्यांत हाच गौरवाचा सूर आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, हें वैद्यक राज्यसत्तेचें एक हत्यार होतें व त्याच्या योगें तिनें एतद्देशीयांच्या देहावरहि अंमल बसविला. डेव्हिड आर्नोल्ड ह्यांचा १९९३ चा ग्रंथ ह्या पक्षाचा आधारस्तंभ होय. दोन्ही पक्षांचे दाखले बहुतेक कलकत्ता, मुंबई, मद्रास येथले. तीं मतें वऱ्हाडास लावून पाहावीं, असा आमचा हेतु आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. मुंबईस १८२६ त डॉ. मॅक्लेनन ह्यांच्या देखरेखीखालीं देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा निघाली व १८३२ त ती बंद झाली. कलकत्त्याच्या संस्कृत पाठशाळेंतील वैद्यकाचा वर्ग १८३५ त मोडून इंग्रजी माध्यमाचें मेडिकल कॉलेज स्थापिलें. १८४५ त उघडलेलें मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेजहि इंग्रजींतूनच शिकवूं लागलें. वाद विद्येचा होता तितकाच भाषेचाहि होता. पहिला पक्ष विसरतो कीं, शव वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवून कुंचीनें हळूहळू घासीत त्वचेपासून आंतील अवयवांपर्यंत सर्व पाहावें, असा विधि सुश्रुताच्या शारीरस्थानांत स्पष्ट सांगितला आहे. दुसरा पक्ष विसरतो कीं, तो विधि ग्रंथांत राहिला होता, हातांत नव्हता. आणि १८३६ त कलकत्त्यास ज्यांनीं शवावर शस्त्र चालविलें ते मधुसूदन गुप्त त्याच संस्कृत पाठशाळेंतील वैद्यकाचे पंडित होते. इकडे मुंबईस पाश्चात्य वैद्यक शिकलेले डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे ह्यांनीं १८८० त वाग्भटाचें अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह छापून काढलें. दोन विद्यांचें अहिनकुलवत् वैर मानणाऱ्यांनीं ह्या दोघांची वाट काय लावावयाची?

आतां वऱ्हाड. हा प्रांत १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं आला व १९०३ त मध्यप्रांतास जोडला गेला. त्या सर्व काळांत अमरावतीस किंवा अकोल्यास मेडिकल कॉलेज निघालें नाहीं. अमरावतीस तें १९८४ त व अकोल्यास २००२ त झालें. नागपूरची रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ ची. येथें आले ते दवाखाने, व त्यांबरोबर साहेबलोकांचीं नांवें. अमरावतीकर अजूनहि इर्विन व डफरीन असेंच म्हणतो.

अकोल्याचें गॅझेटियर १९१० चें व अमरावतीचें १९११ चें. त्यांत मोजदाद आहे ती दवाखान्यांची. वैद्याविषयींच्या ह्या मौनावरून एक पक्ष वैद्यक येथें नव्हतेंच म्हणतो, दुसरा तें चिरडलें गेलें म्हणतो. परंतु अनुपलब्धि प्रमाण केव्हां होते? वस्तु असती तर त्या ठिकाणीं दिसलीच असती, अशी योग्यता असेल तेव्हां. दवाखान्यांच्या कोष्टकांत वैद्य दिसण्याची योग्यताच नाहीं. म्हणून त्या मौनापासून कांहींच सिद्ध होत नाहीं.

१९०१ च्या खानेसुमारींत मात्र वैद्य सांपडतो, पण ‘सनदेवांचून चिकित्सा करणारे’ ह्या वर्गांत. पिढीजाद शास्त्री, हकीम आणि बाजारांत मुळ्या विकणारा वैदू हे एकाच रकान्यांत. जें त्यांच्याजवळ नाहीं त्यावरून त्यांचें नांव! पुढें १९१६ च्या मध्यप्रांताच्या कायद्यानें डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. वैद्य व हकीम ह्यांच्या नोंदणीचा कायदा व्हावयास १९४७ साल उजाडलें. आमच्या मतें वऱ्हाडांतील खरा झगडा कॉलेजाचा नसून ह्या रकान्याचा आहे, आणि तेवढ्यापुरता दुसरा पक्ष बलवान् ठरतो. मात्र रोगी कोणाकडे जात, हें सरकारी कागद सांगणार नाहींत. त्यासाठीं वैद्यघराण्यांतील बाडें, औषधांच्या याद्या व उधारीच्या वह्या पाहिल्या पाहिजेत. अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूर येथें ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं निदान त्यांच्या नकला आम्हांस करूं द्याव्या.