मूस लॉटरी म्हणजे काय? शिकारीच्या परवान्याची सोडत आतून कशी चालते

मूस हा हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. मोठा नर खांद्यापाशी जवळपास दोन मीटर उंच, वजन ४५० किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन राज्यात त्याची शिकार कायदेशीर आहे, पण नुसतं बंदूक आणि लायसन्स असून भागत नाही. आधी लॉटरीत नाव लागावं लागतं. अलीकडच्या वर्षांत अर्ज येतात ७०,००० च्या घरात आणि परवाने असतात ४,००० च्या आसपास.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा विषयच निघत नाही. मग वाचायचं कशाला? कारण म्हाडाचं घर असो की आरटीईचा प्रवेश, प्रश्न तोच आहे: वस्तू कमी, माणसं जास्त. पण म्हाडाच्या सोडतीत गेल्या वेळी नंबर लागला नाही म्हणून यंदा तुमचा चान्स वाढत नाही. मेनमध्ये वाढतो. कसा, ते बघू.

लॉटरीच का?

मेनमध्ये १९३० च्या दशकात मूसची शिकार बंद झाली होती. १९८० मध्ये ती ७०० परवान्यांसह पुन्हा सुरू झाली. 'आधी येईल त्याला' केलं असतं तर ऑफिसजवळ राहणाऱ्यांची चंगळ, लिलाव केला असता तर पैसेवाल्यांची. म्हणून सोडत. (थोडे परवाने आजही लिलावात जातात. ते पैसे मुलांच्या निसर्ग शिबिरांच्या शिष्यवृत्तीला वापरतात.)

परवाने किती काढायचे हे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या जीवशास्त्रज्ञांच्या शिफारशीवरून ठरतं, तेही प्रत्येक विभागासाठी वेगळं. काही भागांत प्रश्न उलटा आहे. तिथे मूस दाटीने राहतात आणि हिवाळ्यातल्या गोचिडी त्यांना पोखरतात. एकेका पिल्लावर हजारो गोचिडी चढतात आणि वसंत येईपर्यंत ते रक्त कमी होऊन मरतं. म्हणून २०२१ पासून एका भागात माद्यांचे जास्त परवाने देऊन, संख्या घटली की गोचिडीही घटतात का, हे तपासायला सुरुवात झाली.

अर्जात काय भरायचं?

अर्ज ऑनलाइन असतो. वसंत ऋतूत भरायचा, सोडत साधारण जूनमध्ये. नाव-पत्त्यासोबत तुम्ही विभाग आणि हंगाम यांचा पसंतीक्रम देता, आणि सोबत शिकार करणाऱ्या जोडीदाराचं नावही. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरलाय ना? अगदी तसंच. तुमचं नाव निघालं की कॉम्प्युटर तुमची पहिली पसंती बघतो, ती भरली असेल तर दुसरी, मग तिसरी. यातलं काहीच उरलं नसेल तर 'दुसरा कुठलाही परवाना चालेल का?' या प्रश्नाला तुम्ही दिलेलं उत्तर कामी येतं. तिथे घाईत 'नाही' टिक केलं, तर नाव निघूनही हात रिकामे राहू शकतात.

राज्यातल्या रहिवाशाला एकच अर्ज करता येतो, फी १५ डॉलर. बाहेरच्या राज्यातल्यांना मात्र जास्त पैसे भरून जास्त चान्स विकत घेता येतात. मला हे फारसं पटत नाही, पण बाहेरच्यांना एकूण परवान्यांतला साधारण दहावा हिस्साच मिळतो, त्यामुळे रहिवाशांचं फार बिघडत नाही. फी बदलत राहते, म्हणून भरण्याआधी राज्याच्या अधिकृत साइटवरच बघा. सर्चमध्ये सगळ्यात वर आलेली जाहिरात म्हणजे सरकारी साइट नव्हे.

बोनस पॉइंट्स: खरी गंमत इथे आहे

अर्ज केला आणि नाव लागलं नाही, की पॉइंट मिळतो. प्रत्येक पॉइंट म्हणजे पुढच्या सोडतीत एक जादा चिठ्ठी. पहिली पाच वर्षं दरवर्षी एक पॉइंट, सहाव्या ते दहाव्या वर्षी दोन-दोन, अकराव्या ते पंधराव्या वर्षी तीन-तीन, आणि सोळाव्या वर्षापासून दरवर्षी थेट दहा. म्हणजे दहा वर्षं हरलेल्याकडे १५ पॉइंट, पंधरा वर्षं हरलेल्याकडे ३० आणि वीस वर्षं हरलेल्याकडे ८०. एखादं वर्ष अर्ज राहिला तर पॉइंट जात नाहीत. सलग दोन वर्षं विसरलात तर मात्र जातात. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावायला हवा तो इथेच.

आता हिशोब. समजा एका चिठ्ठीला १ टक्का चान्स आहे (आकडा फक्त उदाहरणासाठी). दहा वर्षं हरलेल्याकडे पॉइंटच्या १५ आणि यंदाच्या अर्जाची एक, अशा १६ चिठ्ठ्या. म्हणून १६ टक्के? नाही. सोळाच्या सोळा चिठ्ठ्या हुकण्याची शक्यता ०.९९ चा सोळावा घात, म्हणजे सुमारे ८५ टक्के. उरले १५. वीस वर्षं थांबलेल्याच्या ८१ चिठ्ठ्या धरल्या तर जिंकण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के येते. म्हणजे इतकं थांबूनही शंभरातले ४४ जण त्या वर्षी हरतातच. पॉइंट वजन वाढवतात, खात्री देत नाहीत.

कोडमध्ये हे कसं बसवतात?

मी गंमत म्हणून पायथनमध्ये अशी सोडत लिहून पाहिली. पहिल्या प्रयत्नात सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका लिस्टमध्ये टाकून रँडम काढल्या, आणि एकाच माणसाला तीन परवाने लागले! जिंकलेल्याच्या उरलेल्या चिठ्ठ्या काढायला मी विसरलो होतो. यावर सोपा उपाय असा: प्रत्येक चिठ्ठीला एक रँडम आकडा द्या, प्रत्येक माणसाचा सगळ्यात लहान आकडा ठेवा, बाकीचे फेका, आणि माणसं त्या आकड्याने क्रमाने लावा. नेवाडा राज्याच्या शिकार सोडतीत याच पद्धतीचं काम चालतं. शिवाय तिथे पॉइंटचा वर्ग करतात, त्यामुळे जुन्या अर्जदाराचं वजन झपाट्याने वाढतं.

वायोमिंगचा रस्ता वेगळा आहे. तिथे मूसचे बहुतेक परवाने सर्वाधिक पॉइंटवाल्यांना आधी जातात. थोडक्यात, रांग. ऐकायला न्याय्य वाटतं, पण परवान्यांपेक्षा रांगेत येणारे जास्त असले की नंबर लागायला लागणारे पॉइंट दरवर्षी वाढत जातात. याला तिकडे 'पॉइंट क्रीप' म्हणतात. आज पहिला अर्ज भरणाऱ्या पोराला उरलेल्या थोड्या परवान्यांवरच नशीब काढावं लागतं. मेनमध्ये त्याची एकच चिठ्ठी असते, पण ती सगळ्यांच्याच डब्यात असते. मला विचाराल तर मी मेनची पद्धत निवडेन.

नाव लागल्यावर

परवान्याची फी वेगळी भरावी लागते, आणि ती बाहेरच्यांना रहिवाशांपेक्षा कितीतरी जास्त असते. परवाना विकता येत नाही. मात्र हंगाम किंवा विभाग जमत नसेल तर दुसऱ्या विजेत्याशी अदलाबदल करता येते: रहिवासी रहिवाशाशी, बाहेरचा बाहेरच्याशी. शिकार झाली की प्राण्याची नोंद ठरलेल्या केंद्रावर करावी लागते. आणि नाव लागलं की साठवलेले सगळे पॉइंट शून्य, पुढची काही वर्षं अर्जही करता येत नाही.