वीज मागणे, वीज सोडणे

वीज सोडणे : बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या ऊसप्रयोगासारख्या ठिकाणी शेतातल्या सेन्सरला वीज जपूनच वापरावी लागते. सेन्सर चालवणाऱ्या यंत्रात लिनक्स ही संगणकप्रणाली असेल, तर 2009 च्या 2.6.32 आवृत्तीपासून उपकरणाच्या वापरकर्त्यांची मोजणी होते; आकडा शून्य झाला की उपकरण झोपवता येते. इंदापुरात सामाईक मोटरही शेवटच्या वाटेकऱ्याचे भिजवून झाल्यावरच बंद होते, तसेच हे. मेख अशी, की वापरकर्त्यांचा आकडा वाढवून उपकरण जागे करणाऱ्या ‘पीएम_रनटाइम_गेट_सिंक’ या फंक्शनने उपकरण जागे झाले नाही, तरी आकडा वाढलेलाच राहतो. ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, तो उतरवला नाही, तर उपकरण पुन्हा झोपत नाही आणि बॅटरी संपते. 2020 मध्ये आलेले ‘पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट’ हे फंक्शन मात्र अपयशी ठरल्यास आकडा स्वतःच उतरवते. नव्या ड्रायव्हरमध्ये तेच वापरावे. — संपा.