किल्लीच्या पोटातली किल्ली

मागच्या जुलैतली गोष्ट. बाबांचे डोळे दाखवून आम्ही मुंबईहून परतत होतो. डहाणू लोकलने बोईसरला उतरलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि पाऊस असा, की छत्री नावालाच. गाडी स्टेशनबाहेर लावलेली. हँडलवरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गाडी ढिम्म!

"अरे, किल्ली घाल ना," बाबा म्हणाले.

"बाबा, या गाडीला किल्ली नसते."

"मग हातात काय धरलंयस?"

प्रश्न बिनतोड होता. हातात होती एक काळी, गुळगुळीत डबी. स्मार्ट की म्हणे! दोन वर्षं ती खिशात बाळगत होतो, पण ती नक्की काय करते याचा कधी विचारच केला नव्हता. त्या रात्री आमची सुटका कशी झाली ते सांगतोच, पण त्याआधी थोडा इतिहास.

बाबांच्या काळी आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. तिची किल्ली इतकी झिजली होती, की शेजारच्या काकांच्या पद्मिनीलाही ती लागायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे. किल्ली म्हणजे पितळेचा दात, कुलूप म्हणजे त्या दाताची खाच. सगळं डोळ्यांना दिसणारं, बोटांना कळणारं.

पुढे हातांचं एकेक काम कमी होत गेलं. १९८२ साली फ्रान्समध्ये रेनॉच्या फ्यूगो गाडीला लांबून दार उघडणारी किल्ली आली. पॉल लिपशुट्झ हा तिचा जनक. त्याच्या नावावरून फ्रेंच लोक असल्या किल्लीला 'प्लिप' म्हणू लागले. १९९३ च्या अमेरिकन कॉर्व्हेटने बटण दाबायचेही कष्ट वाचवले. किल्ली खिशात ठेवून जवळ गेलं की दार उघडायचं. आणि त्याच दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये किल्ली खिशातच ठेवून इंजिनही चालू करता येऊ लागलं.

यातली युक्ती मोठी मजेशीर आहे. हँडलला हात लागला की गाडी हळूच हाक मारते, जेमतेम मीटर-दीड मीटर ऐकू जाईल एवढीच. हाकेबरोबर एक आकडा पाठवते. किल्ली आपल्याजवळच्या गुप्त आकड्याशी त्याचा हिशोब घालते आणि उत्तर पाठवते. दर वेळी नवा आकडा, नवं उत्तर. म्हणजे कुणी चोरून ऐकलं तरी उद्या त्याचा उपयोग नाही.

मग चोरांनी काय करावं? त्यांनी हिशोबाच्या वाटेला जायचंच सोडून दिलं. एकाने गाडीपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने मालकाच्या घराबाहेर, आणि यंत्राने गाडीची हाक घरातल्या किल्लीपर्यंत पोचवायची. बिचारी किल्ली इमानदारीत उत्तर देते, गाडीला वाटतं मालक शेजारीच उभा आहे! २०११ साली झुरिकच्या संशोधकांनी ८ कंपन्यांच्या १० मॉडेलवर हा प्रयोग केला. दहाच्या दहा उघडली आणि चालूही झाली. आता काही नव्या किल्ल्यांमध्ये उत्तर यायला किती वेळ लागला तेही मोजतात, म्हणजे लांबून आलेलं उत्तर ओळखता येतं.

आमच्या तारापूरला ही युक्ती नवी नाही. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने इथला किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, तो काही दरवाजा उघडून नव्हे. सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं आणि मराठे आत शिरले. बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले. दरवाजा कितीही भक्कम असो, समोरचा माणूस दरवाजानेच येईल हे कुणी सांगावं?

असो. तर आम्ही पावसात उभे होतो. आमची फजिती बघून एक रिक्षावाला जवळ आला. "काका, सेल उतरलाय. द्या इकडे." त्याने डबीच्या कडेची एक कळ सरकवली आणि आतून चक्क लोखंडी किल्ली ओढून काढली! हँडलवरचं छोटं झाकण उचकटलं, खाली किल्लीचं भोक. दार उघडलं. "आता ब्रेक दाबा आणि डबी स्टार्टच्या बटणाला टेकवा." टेकवली. इंजिन चालू झालं.

हे कसं, ते मी नंतर वाचलं. डबीत एक बारीकशी चिप असते, तिला सेल लागत नाही. अगदी जवळ नेलं की गाडीकडूनच तिला लागेल तेवढी वीज मिळते. म्हणजे नवी किल्ली आली तरी जुनीला कुणी हाकलून दिलेलं नाही. आम्हीच तिला विसरलो होतो.

बाबा गाडीत बसून चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "शेवटी किल्लीच ना?"

मला मात्र रात्रभर दुसरंच टोचत होतं. सत्तरी उलटलेला माणूस सोबत असताना मी अशा वस्तूवर विसंबून होतो, जी एकदाही उघडून बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी नवा सेल आणला, आणि घरातल्या सगळ्यांना ती आतली किल्ली काढून दार उघडायला लावलं. आईलासुद्धा.

तुमच्याकडे असली गाडी असेल तर आजच काढून बघा. पावसात शिकायची वेळ येऊ देऊ नका.