नानांचं तिकीट

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. (तिकडे अजून शनिवारची रात्रच.) "मामा, ब्रॉडवेवर ऑथेल्लो लागलंय. डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलेनहाल. चांगल्या जागेचं तिकीट कितीला असेल, सांग बघू."

मी आपला बराच धीर करून दोनशे डॉलर म्हणालो.

"नऊशे एकवीस!"

पहिल्या आठवड्यातल्या आठ प्रयोगांचा गल्ला अठ्ठावीस लाख डॉलरचा. गाण्याबजावण्याचे खेळ बाजूला ठेवले तर तिथल्या नुसत्या नाटकानं तोवर एका आठवड्यात एवढे पैसे कधी मिळवले नव्हते. सरासरी तिकीटच तीनशे साठ डॉलरच्या पुढे गेलं होतं. भाचा चिडलेला होता. बायकोला वाढदिवसाला न्यायचं त्याच्या मनात होतं आणि दोघांच्या तिकिटांत त्याच्या गाडीचे दोन-तीन हप्ते गेले असते.

तसं ऑथेल्लो आपल्याला परकं नाही. देवलांनी १८९० साली त्याचा 'झुंझारराव' केला आणि गणपतराव जोशांनी तो गाजवला. पण ते असो. मला दुसरंच आठवलं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या थाटात मी त्याला सुनावलं, "अरे, त्यात काय एवढं? तुझ्या पणजोबांनी १९२१ साली 'संयुक्त मानापमान' बघितलंय. शंभर रुपये तिकीट होतं त्याचं!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "त्यांचा पगार किती होता?"

आता आली का पंचाईत! साठ वर्षं ही गोष्ट ऐकतोय आणि अभिमानानं सांगतोय, पण हा साधा हिशोब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. नाना म्हणजे माझे आजोबा. १९२१ साली तेवीस वर्षांचे. कापडाच्या एका पेढीवर कारकून, महिना पंचेचाळीस रुपये. परळला एका खोलीत चौघं जण राहायचे.

ज्यांना 'संयुक्त मानापमान' हे प्रकरण माहीत नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाडिलकरांचं 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलं. भामिनी होते बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांचं पहिलं मूल गेलं आणि तरीही ते रात्री उभे राहिले, ही हकीकत मराठी घरात कुणालाही सांगावी लागत नाही. १९१३ मध्ये त्यांनी टेंबे आणि बोडस यांच्याबरोबर स्वतःची गंधर्व मंडळी काढली. दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचे केशवराव भोसले. त्यांची 'ललितकलादर्श' १९०८ ची, हुबळीला स्थापन झालेली. दोघंही गायक नट, दोघंही कंपनीचे मालक आणि दोघांचेही भक्त असे की, एका पंगतीला बसले तर आमटी थंड व्हायची. एकाच्या गळ्यात लडिवाळपणा, दुसऱ्याच्या गळ्यात तेज. हे दोघं एका रंगमंचावर येतील असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसेल, कारण धंद्याच्या दृष्टीनं तसं करण्याचं काही कारणच नव्हतं. दोघांचीही घरं स्वतंत्रपणे भरत होती.

कारण मिळालं ते नाटकाच्या बाहेरून. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या नावानं स्वराज्य फंड निघाला, एक कोटी रुपये जमवायचे ठरले आणि मुंबईत त्याचं वारं जोरात होतं. खाडिलकर तर 'केसरी'तले टिळकांचे सहकारी. मग त्यांचंच नाटक, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर, असा प्रयोग फंडासाठी ठरला. शुक्रवार, ८ जुलै १९२१. जागा ग्रँट रोडचं बालीवाला थिएटर.

वरच्या जागेचं तिकीट शंभर रुपये. त्या काळचे शंभर! बाजारात तीन-चार तोळे सोनं आलं असतं त्यात. त्याच सुमारास सरकारच्या लेबर ऑफिसनं मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. तिच्यात एका कुटुंबाची महिन्याची मिळकत सरासरी बावन्न रुपये निघाली. कुटुंबाची बरं का, एका माणसाची नव्हे. म्हणजे आख्ख्या घरानं दोन महिने न जेवता राहावं, तेव्हा एकानं पहिल्या रांगेत बसावं. आणि तरी थिएटर भरलं. फंडाला त्या एका रात्रीत सोळा हजारांच्या वर रक्कम मिळाली, असं नाट्येतिहासाच्या पुस्तकांत वाचायला मिळतं.

मला यातली गंमत अशी वाटते की, 'मानापमान' हे नाटकच मुळी पैशाच्या माजावर आहे. श्रीमंत बापाची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला हिणवते आणि मग तिला कळतं की, पैसेवाला लक्ष्मीधर हा भित्रा बावळट आहे. त्या रात्री पुढच्या रांगांमध्ये सगळे लक्ष्मीधर बसले असणार आणि मागे उभं राहायला मिळालं असेल तर धैर्यधर! खाडिलकरांना हे जाणवलं नसेल असं मला वाटत नाही.

पण भाच्याचं नऊशे एकवीस डॉलरचं तिकीट आणि हे शंभर रुपयांचं तिकीट, ही एकाच जातीची तिकिटं नव्हेत. तिकडे तो पैसा निर्माते, थिएटरवाले आणि नट यांच्यात वाटला जातो. इकडे तो फंडात गेला. घेणाऱ्यालाही ते माहीत होतं. शंभरातले काही रुपये नाटकाचे आणि बाकीचे टिळकांच्या नावाचे. शिवाय आपण तिथं होतो, हे पुढे जन्मभर सांगण्याचे. किती कशाचे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

मग एरवी काय होतं? एवढी मागणी होती तर रोजच्या प्रयोगाला दर का वाढवत नव्हते? हा प्रश्न मला भाच्यामुळेच पडला. एरवीचे दर आण्यांत सुरू व्हायचे आणि दोन-चार रुपयांत संपायचे. मला वाटतं, याचं उत्तर कंपनीच्या मुक्कामात आहे. कंपनी एका गावात येऊन आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही राहायची. तीच नाटकं आलटून पालटून लावायची. बघणारे तेच, पुन्हा पुन्हा येणारे. 'स्वयंवर' पंधरा वेळा पाहिलं असं सांगणारे म्हातारे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेत. त्यांना तिकीट शंभर रुपये केलं असतं तर ते एकदाच आले असते. बारा आणे ठेवलं म्हणून पंधरा वेळा आले. बालगंधर्वांची लोकप्रियता एका तिकिटाच्या किमतीत मोजता यायची नाही. ती त्या पंधरा वेळांत होती.

आणि गंमत बघा, रोज घर भरूनही कंपनी कर्जात. नाटक कंपनी म्हणजे एक मोठं बिऱ्हाडच. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी, शागीर्द, त्यांची मुलंबाळं, सगळ्यांची रोजची पंगत. त्यात बालगंधर्वांची हौस. खरे शालू, खरे दागिने, उंची अत्तरं, नव्या नाटकाला नवे पडदे. १९२० च्या 'द्रौपदी'चा खर्च तर दंतकथाच होऊन बसला. १९२१ सालीच गंधर्व मंडळीवर लाखाच्या वर कर्ज होतं. लोकांनी वर्गणी काढून ते फेडू म्हटलं, तर मायबापांना नाटकं दाखवूनच मी ते फेडीन असं बालगंधर्व म्हणाले, असं सांगतात. पुढे काही वर्षांनी त्यांनी ते खरोखर फेडलंसुद्धा. म्हणजे बघा, स्वतः कर्जात बुडालेला माणूस ८ जुलैला शंभर रुपयांच्या तिकिटावर उभा राहतो आणि त्यातला पैसा घरी नेत नाही. डेन्झेलला नावं ठेवत नाही मी. पण हे मला जास्त आवडतं, त्याला काय करणार!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९२३ मध्ये सरकारनं करमणूक कर बसवला, १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि नाटकाच्या निम्म्या पैशांत बोलता-गाता खेळ मिळायला लागला. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त दिसले. पण केशवराव हे काही बघायला राहिले नाहीत. संयुक्त प्रयोगानंतर तीन महिने पुरे व्हायच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी ते गेले. वय अवघं एकतीस. मधल्या काळात दोघांचं 'संयुक्त सौभद्र'ही झालं, पण मग तो योग संपलाच. कोल्हापूरचं त्यांच्या नावाचं नाट्यगृह २०२४ च्या ८ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी आगीत सापडलं, तेव्हा टीव्हीवर ते बघताना मला नानांची फार आठवण झाली.

केशवराव गेले म्हणून ती रात्र पुन्हा येणं शक्य नव्हतं आणि म्हणूनच बहुतेक ती पाहिलेल्यांची संख्या वर्षागणिक वाढत गेली. मी आजवर किमान नऊ-दहा घरांत ऐकलंय, आमच्या आजोबांनी संयुक्त मानापमान पाहिलं होतं. तुमच्याही घरात ऐकलं असेल. सगळे आजोबा आत बसवायचे तर बालीवालाच्या जागी आझाद मैदान घ्यावं लागलं असतं.

आमचे नाना त्यातलेच का?

भाच्याचा फोन ठेवल्यावर हा किडा काही स्वस्थ बसू देईना. मे महिन्यात डोंबिवलीला आत्याकडे गेलो. नानांच्या जमाखर्चाच्या वह्या तिच्याकडे आहेत. नाना पैसा न् पैसा लिहायचे. १९२१ ची वही निघाली. पुठ्ठ्याला वाळवी, पण आतली पानं शाबूत. जुलै उघडला. तिकिटाचा उल्लेख नाही. शंभराचा नाही, दहाचा नाही, एक रुपयाचासुद्धा नाही. शुक्रवार, ८ तारखेला दूध आहे, वाण्याचे आहेत, 'ट्राम १ आणा' आहे आणि 'चहा १ आणा'.

"बघ, गेले होते की नाही?" आत्या म्हणाली. परळहून रात्री ट्रामनं दुसरीकडे कुठे जाणार?

गेले होते, हे खरं. आणि येतानाची ट्राम लिहिलेली नाही. वन्समोअर घेत चालणारी ती संगीत नाटकं उत्तररात्रीपर्यंत लांबायची, तोवर ट्राम बंद. म्हणजे नाना शेवटपर्यंत तिथं होते आणि चालत परळला आले. पण 'तिथं' म्हणजे कुठं? आत, का बाहेर?

मला आठवायला लागलं. नाना संयुक्त मानापमानबद्दल तासभर बोलायचे. केशवरावांनी पहिला सूर कसा लावला, बालगंधर्वांनी तान कुठे सोडून दिली, टाळ्या किती वेळ थांबल्या नाहीत. पण मी एकदा, असेन सात-आठ वर्षांचा, त्यांना विचारलं होतं, "भामिनीचा शालू कुठल्या रंगाचा होता?" तर म्हणाले, "शालू काय विचारतोस? गाणं ऐकायचं असतं." तेव्हा ते मला मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हते. गळाच असा लागायचा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे. तसा आवाज उघड्या खिडकीतून रस्त्यावर यायला काय हरकत आहे?

हे मी आत्याला बोलून दाखवलं आणि चूक केली. नव्वदी ओलांडलेली बाई, चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझे वडील खोटं बोलत होते?"

तसं नव्हे, तसं नव्हे, करत मी पान उलटलं. ऑक्टोबरमध्ये एका ओळीत फक्त 'केशवराव गेले' एवढंच लिहिलेलं. पुढे रक्कम नाही. वहीभर तेवढी एकच ओळ बिनपैशाची.

मग मी परत जुलैवर आलो. शनिवार, ९ तारीख. पहिलीच नोंद : 'सुंठ २ पैसे.'

मी बोट ठेवून आत्याला दाखवलं. जुलैचा पाऊस. रात्रभर रस्त्यावर उभा राहिलेला माणूस, दुसऱ्या दिवशी सकाळी सुंठ.

"आणि आत बसून नाटक बघितलं, मग पावसात भिजत परळपर्यंत चालत आला, तर त्याला सुंठ लागत नाही वाटतं?" असं म्हणून आत्यानं वही मिटली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला मला स्टूल आणायला सांगितलं.